क्लॅथ्रिन बंद, तरी ईजीएफआर आत: आधी डोस बघा

तुम्ही पोस्टमध्ये विचारलंत: पेशीबाहेरच्या गोष्टी आत ओढणारं क्लॅथ्रिन हे प्रथिन नॉकडाउन केलं (म्हणजे ते बनणंच दाबलं), तरी ईजीएफ या वाढीच्या संदेशाचा रिसेप्टर, ईजीएफआर, आत कसा जातो? तुमचं नॉकडाउन फसलेलं नाही. फसलं असतं तर क्लॅथ्रिनच्याच वाटेने जाणारं ट्रान्सफेरिन (लोह वाहणारं प्रथिन) हेही आत गेलं असतं. हेला पेशींत (लॅबमध्ये वाढवतात त्या मानवी कर्करोगाच्या पेशी) क्लॅथ्रिन काढलं, ट्रान्सफेरिन बाहेर अडकलं आणि ईजीएफआर मात्र खुशाल आत जातोय, हे तुमच्या पोस्टमधलं चित्र मला पाठ आहे. गाइडची बोलणीसुद्धा तीच.

ईजीएफ १०० नॅनोग्रॅम प्रति मिली देताय, घोळ तिथे आहे. १-२ नॅनोग्रॅमला हा रिसेप्टर मुख्यतः क्लॅथ्रिनच्या वाटेनेच जातो. २० च्या वर गेलात की त्यावर युबिक्विटिन (खुणेसारखं चिकटणारं छोटं प्रथिन) चढतं आणि क्लॅथ्रिनशिवायची दुसरी वाटही उघडते. मिलानच्या दि फिओरे यांच्या गटाने २००५ आणि २००८ मध्ये हे हेलातच दाखवलं. क्लॅथ्रिनमधून गेलेले बरेच रिसेप्टर पृष्ठभागावर परततात आणि सिग्नल देत राहतात, दुसऱ्या वाटेचे बहुतेक लायसोसोममध्ये (पेशीतल्या मोडतोडीच्या पिशवीत) संपतात. (सगळ्या लॅबना हे पटत नाही, पेशी बदलल्या की चित्रही बदलतं. मी बेंच सोडून काळ लोटलाय, तेव्हा माझा शब्द शेवटचा धरू नका.)

कमी डोस द्यायचा हे आम्हालाही ठाऊक होतं हो! पण आमच्या संस्थेच्या मायक्रोस्कोपी केंद्रात सगळ्यांना एकच सेटिंग. लेझर, गेन, कशालाही हात लावायचा नाही, 'कमिटीची परवानगी आणा'. कमिटी कधी बसायची देव जाणे. २ नॅनोग्रॅमचं फ्लुओरेसंट ईजीएफ त्या सेटिंगवर दिसायचंच नाही. मग वहीत शेरा 'सॅम्पल खराब' आणि स्लॉट दुसऱ्याला. निदान काहीतरी दिसावं म्हणून अख्खी लॅब १०० वर गेली. म्हणजे रिसेप्टरने कुठल्या वाटेने जायचं हे ठरवलं कोणी, तर त्या ऑपरेटरने! थीसिसचं एक अख्खं प्रकरण मी फेलोशिप संपल्यावर पुन्हा केलं, तेही पदरमोड करून.

म्हणून माझं ऐकाल तर मायक्रोस्कोपच्या नादी लागूच नका. किरणोत्सारी आयोडीन-१२५ लावलेल्या ईजीएफची परवानगी असेल तर उत्तम. नसेल तर बर्फावर पृष्ठभागाला तुटणारं बायोटिन (खूण म्हणून चिकटवायचा रेणू) लावा, ईजीएफ देऊन ३७ अंशांवर न्या, बाहेर उरलेलं ग्लुटाथायोनने काढा. जे वाचलं ते आत गेलेलं, सरळ ब्लॉटवर (प्रथिन ओळखायच्या चाचणीत) बघा. 'डायनासोर' (Dynasore) या रसायनावर विसंबू नका, ते डायनामिन (आत जाणारी पिशवी पडद्यापासून तोडणारं प्रथिन) अडवतं, पण त्याखेरीज इतरही बरंच काही बिघडवतं.

थीसिसच्या प्रस्तावनेत कर्करोगाचं उदाहरण म्हणून मेट हा वाढीच्या संदेशाचा दुसरा रिसेप्टर घ्या. त्याच्या जनुकातला एक्झॉन १४ हा तुकडा गळला की टायरोसिन १००३ हे अमिनो आम्ल जातं, युबिक्विटिन चढवणाऱ्या सीबीएल या प्रथिनाला धरायला जागा उरत नाही, रिसेप्टर वेळेवर मोडीत निघत नाही आणि सिग्नल चालूच राहतो. फुप्फुसाच्या कर्करोगात हे सापडतं. २०२० मध्ये अमेरिकेत कॅपमॅटिनिब हे औषध मंजूर झालं ते याच रुग्णांसाठी.

आणि कोणी हेलाऐवजी ए४३१ पेशी (याही कर्करोगाच्याच) सुचवल्या तर नको म्हणा. तिथे ईजीएफआर इतके असतात की आत घेणारी यंत्रणाच तुंबते.