गावच्या रेशनकार्डातून नाव आधी कमी करू नका (आमची दोन वर्षं त्यात गेली)

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. मिस्टर चाकणला कंपनीत, तुम्ही दोघं आणि दोन मुलं भाड्याच्या खोलीत, कार्ड लातूरकडच्या गावचं सासूबाईंच्या नावावर, आणि इथला रेशनवाला म्हणतो बाहेरच्या कार्डावर माल नाही, गावची नावं कमी करून आणा मग इथे नवीन काढू. आम्हाला 2019 ला हेच सांगितलं होतं आणि आम्ही ते ऐकलं.

आधार लिंक, कार्डाचा बारा अंकी नंबर (आरसी) हे तुम्हाला माहीत असेलच, त्यावर लिहीत नाही.

आमचं कार्ड परभणी जिल्ह्यातलं, प्राधान्य कुटुंबाचं, म्हणजे माणशी महिन्याला 5 किलो. मी स्वतः एसटीने जाऊन तहसीलमधून आम्हा चौघांची नावं कमी केली, दाखला घेतला आणि शहरात येऊन अर्ज दिला. खिडकीतल्या माणसाने कागद चाळले, दाखल्याची मूळ प्रत टाचणी मारून फायलीत लावली आणि मग म्हणाला, इष्टांक संपलाय, केशरी कार्ड होईल पण धान्य चालू होणार नाही. अहो हे आधी सांगायला काय झालं होतं? मी पोच मागितली तर म्हणाला ठेवून जा, होईल. मी ठेवून आले. तीन महिन्यांनी गेले तर म्हणे असा अर्जच आलेला नाही. ऑफिस कुठलं ते सांगत नाही, पण त्या खिडकीसमोर माझे किती दिवसांचे खाडे झाले ते मलाच माहीत.

इष्टांक म्हणजे किती लोकांना धान्य द्यायचं त्याची ठरलेली संख्या. अन्नसुरक्षा कायदा 2013 चा, पण ही संख्या अजून 2011 च्या जनगणनेवरच धरलेली आहे, आणि महाराष्ट्रात ग्रामीण भागातली 76.32 टक्के माणसं त्यात बसतात, शहरातली फक्त 45.34 टक्के. म्हणजे गावची जागा सोडली की इथे रांगेच्या शेवटी, आणि तिकडची जागा दुसऱ्या कुणाला गेली की परत मिळेल याचा भरवसा नाही. त्यात उत्पन्नाची अट, आमच्या वेळी शहरात वर्षाला 59 हजार होती, महिन्याला पाच हजारसुद्धा नाहीत, त्यात खोलीभाडं तरी निघतं का सांगा.

आणि मग लॉकडाऊन लागला. एप्रिल 2020 पासून कार्डावर माणशी 5 किलो जादा तांदूळ फुकट सुरू झाला, गावी दिरांच्या घरी तो पोचला, आमची चार नावं मात्र ना तिकडे ना इकडे. दुकानासमोर चुन्याने आखलेल्या गोलात दोन तास उभी राहिले, हातात दाखल्याची झेरॉक्स, नंबर आला तर दुकानदाराने मशीनकडे बोट दाखवलं, यात नाव नाही ताई. त्याची चूक नव्हती. शेवटी माहिती अधिकारात अर्ज टाकला तेव्हा फाइल सापडली, आणि धान्य चालू व्हायला 2021 ची दिवाळी उजाडली. चौघांचे 20 किलो, चोवीस महिने, करा हिशेब.

म्हणून माझं स्पष्ट मत, नावं गावीच राहू द्या. वन नेशन वन रेशनमध्ये (म्हणजे कार्ड कुठलंही असो, माल कुठल्याही रेशन दुकानात, या योजनेत) तुमचा वाटा तुम्ही इथे अंगठा लावून उचलू शकता आणि उरलेला सासूबाई गावी उचलतील, एकाच कार्डावर. दुकानदार नाही म्हणाला तर भांडू नका, महिन्याच्या सुरुवातीलाच जा, दुसऱ्या दुकानात जा, तरी नाहीच तर 14445 किंवा 1967 ला फोन करून तक्रार नंबर लिहून घ्या. आणि कुठल्याही ऑफिसात कागद दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, मागे रांग कितीही ओरडू दे. (मी पुरवठा खात्यातली नाही, नियम बदलत असतात, एकदा विचारून खात्री करा. कायमचंच इथे राहायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण तरी आधी इथे धान्यासकट नाव लागेल का ते लेखी घ्या.)

अजून एक, तुमची धाकटी अडीच वर्षांची म्हणालात ना, तिचं नाव जवळच्या अंगणवाडीत घाला. त्याला रेशनकार्ड लागत नाही, भाड्याने राहता म्हणून कुणी नाही म्हणू शकत नाही. तीन वर्षांपर्यंत घरी न्यायचा आहार, पुढे सहापर्यंत तिथेच गरम जेवण. मला हे कुणी सांगितलंच नाही, माझा धाकटा तोवर शाळेत गेला. नुसत्या गहू-तांदळावर मुलं वाढत नाहीत हो. आपल्याकडची माणसं ज्वारी खाणारी, कायद्यात भरडधान्यही लिहिलंय, पण आमच्या पिशवीत वर्षानुवर्षं तांदूळच जास्त. डाळ, भाजी, दूध सगळं विकत, आणि हात आखडला की आधी तेच बंद होतं.

सासूबाईंची ई-केवायसी (कार्डावरच्या माणसाची आधारवरून ओळख पटवणं) झाली आहे का ते आजच फोन करून विचारा. शेतात काम करून अंगठे झिजलेले असतात, मशीन घेत नाही, माझ्या सासूबाईंचं तसंच झालं होतं. मग मेरा ई-केवायसी ॲपवर चेहरा दाखवून झालं, पुतण्याने पाच मिनिटांत केलं, फक्त आधारला लिंक असलेला मोबाईल जवळ हवा, कारण ओटीपी त्याच्यावर येतो.