सकाळी आखडतात, दुपारी सुटतात

प्रश्न : आईचं वय ५८. गुडघे आणि हाताची बोटं दोन्ही दुखतात. ही झीज की आमवात, घरच्या घरी कसं ओळखायचं? तपासण्या लगेच कराव्यात का?

आईंना एकच विचारा, सकाळी उठल्यावर बोटं मोकळी व्हायला किती वेळ लागतो? दहा-पंधरा मिनिटं म्हणाल्या तर बहुतेक झीज. तास-दीड तास म्हणाल्या तर आमवात (सांधे सुजवणारा रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) असू शकतो, थांबू नका, डॉक्टर गाठा. तोही हाडांचा नव्हे, संधिवाताचा. ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट म्हणतात त्यांना.

मला हे १४ महिने कुणी विचारलंच नाही.

मी इचलकरंजीत घरीच ब्लाउज शिवते. तेव्हा वय ३६. लग्नसराई होती, सकाळी सातला बेतायला बसले. कात्रीत अंगठा गेला, पण कात्री मिटेना. दुखण्यापेक्षा ते न मिटणंच भयंकर होतं, हात दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. टोपात कोमट पाणी घेऊन हात बुडवून बसले. अकराच्या सुमाराला बोटं आपोआप सुटली आणि संध्याकाळपर्यंत चार ब्लाउजची हुकं-काजं झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मोठ्या जाऊबाईंनी याचा हिशोब सासूबाईंकडे मांडला : "भाकरी थापायच्या वेळेला हिचे हात दुखतात, गिऱ्हाईक आलं की बरे होतात."

पुढे सगळे उपाय झाले. लिंबू बंद, दही बंद, हरभऱ्याची डाळ बंद. बाळंतपणात शेक नीट घेतला नाही, हेही निघालं. आरए फॅक्टर, म्हणजे आमवातासाठीची रक्ततपासणी, केली तर निगेटिव्ह आली, मग तर जाऊबाई जिंकल्याच. (आमवात असूनही शंभरातल्या वीस-तीस जणांचा हा फॅक्टर निगेटिव्ह येतो. उलट कित्येक धडधाकट म्हाताऱ्यांचा पॉझिटिव्ह येतो. नुसत्या त्या कागदावर जाऊ नका. रक्तातलं अँटी-सीसीपी, ईएसआर, सीआरपीही बघतात, पण आधी हात बघायला हवा.) मग भाऊजींनी कुणा वैद्याकडून पुड्या आणल्या. तीन दिवसांत हात असा चालायला लागला की मी स्वतःच त्या पुड्या चार जणींना सांगितल्या. दोन महिन्यांत चेहरा भोपळ्यासारखा गोल झाला आणि साखर वाढली.

मिरजेच्या डॉक्टरांनी तोंड बघूनच विचारलं, "कसली पुडी घेता?" तिच्यात स्टेरॉइड होतं. मग मूठ वळायला सांगितली. मुठीच्या हाडांमधल्या खळ्या बुजून गेल्या होत्या. त्यांनी पंजा दोन्ही बाजूंनी हलकेच दाबला तशी मी खुर्चीतून उठले. आणि मग तो प्रश्न, मोकळं व्हायला किती वेळ लागतो? मी म्हटलं, अकरा वाजतात. त्यांनी लिहून घेतलं. घरी जो आरोप होता, तेच तिथे आमवाताचं लक्षण निघालं. नवऱ्याकडे मी मुद्दाम बघितलं.

आईंच्या बोटांचं असंच बघा. नखाजवळच्या पेरावर टणक गाठी असतील तर ती बहुधा झीज. बोटांच्या बुडाशी, मनगटाला, दोन्ही हातांना मऊसर सूज असेल तर आमवात धरून चाला. गुडघे त्या वयात वेगळे झिजलेलेही असू शकतात, दोन्ही एकदम असतं. सुरुवातीला एक्स-रेत काही दिसत नाही, म्हणून "हाडं चांगली आहेत" ऐकून परत येऊ नका. पहिले तीन-सहा महिने फार मोलाचे असतात. माझे गेले. उजव्या हाताची करंगळी आता सरळ होत नाही.

मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषध दिलं तर आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. गुण यायला दोन-तीन महिने जातात. औषध चालू आहे तोवर लिव्हरच्या आणि रक्ताच्या तपासण्या चुकवू नका.

हे सगळं शिवणकाम करणारी बाई सांगतेय, डॉक्टर नव्हे. आयुर्वेदाशी माझं भांडण नाही, नाव नसलेल्या पुडीशी आहे. स्टेरॉइडसुद्धा डॉक्टर सुरुवातीला थोडं देतात, तो विषय वेगळा. आई अशी पुडी घेत असतील तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना दाखवून हळूहळू सोडवा. आणि एकच सांधा अचानक लाल, गरम झाला, वर तापही असेल, तर त्याच दिवशी दवाखाना.

लिंबू मी पुन्हा सुरू केलं. आंबटाने आमवात होत नाही. जाऊबाईंच्या पानात मुद्दाम फोड वाढते.

त्यांचे गुडघे गेल्या वर्षी दुखायला लागले, झीज निघाली. वजन कमी करा आणि पाय सरळ ठेवून मांडी आवळायचा व्यायाम रोज करा, असं सांगितलंय. दोन्ही होत नाही. विचारलं तर म्हणतात, सकाळी मला काही होत नाही गं, दिवसभराचं उभं राहून संध्याकाळीच दुखतं. बरोबर भाकरीच्या वेळेला. मी अजून काही बोललेले नाही. इथेच लिहिलं.