भाऊ गमावलेल्या नऊ वर्षांच्या मुलीला 'द ब्रदर्स लायनहार्ट' वाचायला द्यावी का?

द्या, पण तिला एकटीला वाचू देऊ नका. आधी तुम्ही शेवटपर्यंत वाचा, मग शेजारी बसून वाचून दाखवा.

आस्ट्रिड लिंडग्रेन यांची ही स्वीडिश कादंबरी 1973 ची. आजारी, मरणाला घाबरलेल्या कार्लला थोरला भाऊ योनाथन, माणसं मेल्यावर जिथे जातात त्या नांगियाला नावाच्या देशाच्या गोष्टी सांगून धीर देतो. पण घराला आग लागते तेव्हा धाकट्याला पाठीवर घेऊन योनाथन खिडकीतून उडी मारतो आणि तोच आधी जातो. पुढे कार्लही जातो आणि नांगियालात दोघं भेटतात. योनाथन गेल्यावर घरात पसरलेलं रितेपण आणि 'तो गेला, मी का राहिलो' ही मुलांच्या मनातली बोच लिंडग्रेननी फार खरेपणाने पकडली आहे. मुलांना गोडगोड समजूत नको असते, आपलं दुःख कुणाला तरी कळलंय एवढं हवं असतं.

काळजी शेवटाची. तिथे कार्ल भावाला पाठीवर घेऊन कड्यावरून उडी घेतो, पुढच्या एका देशात जायला. 'मीही दादाकडे जाऊ का?' असा अर्थ दुःखातलं मूल काढू शकतं. म्हणून तिथे थांबा, तिला काय वाटलं ते विचारा आणि मेलेलं माणूस असं भेटत नाही हे स्पष्ट शब्दांत सांगा. ती आत्ताच 'मलाही जायचंय' असं म्हणत असेल, तर पुस्तक बाजूला ठेवून आधी बालमानसोपचारतज्ज्ञांना भेटा.