बर्फावरचे हँडल आणि विडियाची धार

प्रश्न: कुर्ल्याच्या एका कारखान्यात ३४ वर्षे टर्नर म्हणून काम करून मी निवृत्त झालो. माझा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात राहतो. गेल्या हिवाळ्यात त्याने एक वापरलेली स्नोमोबाईल, म्हणजे बर्फावर चालणारी मोटरगाडी, विकत घेतली. घट्ट दाबलेल्या बर्फाच्या मार्गावर ती सरळ चालत नाही. हँडल हलवले नसतानाही एकदम डावीकडे किंवा उजवीकडे ओढ घेते. वळणावर तक्रार नेमकी उलटी असते. हँडल वळवले तरी गाडी सरळच सरकत राहते. गाडीच्या मॉडेलवरून मिळणारे, स्कीखाली लागणारे ६ इंची कार्बाइडचे नवे रनर त्याने बसवले, तरी फरक पडला नाही. आता तो १० इंची रनर घ्यायचे म्हणतो. मागच्या ट्रॅकवर ९६ स्टड आहेत आणि स्की पूर्वीच्या मालकाने बदललेल्या आहेत. त्याने काढलेले फोटो सोबत पाठवत आहे. लांब कार्बाइड घेणे योग्य ठरेल का? असा रनर आमच्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये तयार करून पाठवता येईल का?
— एक निवृत्त टर्नर, कुर्ला

उत्तर: १० इंची रनर इतक्यात मागवू नयेत, असे आपल्या चिरंजीवांना आधी कळवावे. ‘स्की पूर्वीच्या मालकाने बदललेल्या आहेत’ हे आपल्या पत्रातील वाक्य आणि सोबतचा तिसरा फोटो, या दोहोंत मिळून तक्रारीचे निम्मे उत्तर आहे. त्या फोटोत गाडीचा पुढचा भाग उचललेला असून डाव्या स्कीचा तळ स्पष्ट दिसतो. रनरची सळई मधल्या बोल्टांपाशी स्कीच्या कण्याला नीट टेकली आहे. पण पुढे जाता जाता ती कण्यापासून सुटत गेली आहे, आणि पुढच्या वाकासमोर दोघांमध्ये रुपयाचे नाणे सहज सरकेल एवढी फट आहे. नवा रनर गाडीच्या मॉडेलवरून घेतला गेला, पण तो बसतो स्कीवर, आणि ही स्की त्या गाडीची मूळची नाही.

ज्यांनी ही गाडी पाहिलेली नाही अशा वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. स्नोमोबाईलला पुढे दोन स्की असतात आणि मागे रबरी पट्टा, म्हणजे ट्रॅक, फिरत असतो. स्की बहुधा प्लॅस्टिकची असते आणि तिच्या तळाशी मधोमध नावेच्या कण्यासारखा उंचवटा असतो. त्या कण्याच्या खाचेत पोलादाची एक लांब सळई बोल्टांनी आवळलेली असते. तिला रनर म्हणतात. सळईच्या मधल्या भागात, साधारणपणे स्पिंडलच्या, म्हणजे स्की ज्याभोवती वळते त्या दांड्याच्या, खाली येईल अशा बेताने, टंगस्टन कार्बाइडची धारदार पट्टी ब्रेझिंग करून, म्हणजे दुसरा धातू वितळवून जोडून, बसवतात. कडक बर्फावर नुसते प्लॅस्टिक घसरते. कार्बाइडची धार बर्फात बारीक चर पाडते आणि त्या चराच्या भिंतीला रेटा देऊनच स्की वळते. म्हणून हँडल ज्याच्या जोरावर चालते ती वस्तू म्हणजे ही बोटभर रुंदीसुद्धा नसलेली धार होय.

ही धार आपल्या ओळखीची आहे. टंगस्टन कार्बाइडची बारीक पूड कोबाल्टच्या साहाय्याने तापवून घट्ट करण्याच्या पद्धतीचे पेटंट जर्मनीत कार्ल श्रोटर यांनी १९२३ मध्ये घेतले आणि १९२६ मध्ये क्रुप कंपनीने हा माल ‘विडिया’ या नावाने बाजारात आणला. ‘हिऱ्यासारखे’ या अर्थाच्या जर्मन शब्दांवरून ते नाव घेतलेले होते. कंपनीने दिलेले हे व्यापारी नाव पुढे वस्तूचेच नाव झाले, आणि आपल्याकडच्या लेथवर आजही टूलला ‘विडिया’ लावतात, कार्बाइड नव्हे. टर्नरला जे गुण आणि जे दोष हाताने ठाऊक असतात, तेच बर्फावरही लागू पडतात: घासण्याला हा माल दाद देत नाही, पण धक्क्याने त्याचा टवका उडतो.

आता लांबीविषयी. बाजारात ‘६ इंची’ म्हणतात ते माप कार्बाइडच्या पट्टीचे असते. सळई त्याहून बरीच लांब असते. ही लांबी किती असावी हे एकट्या स्कीवरून ठरत नाही, मागच्या ट्रॅकच्या पकडीवरूनही ठरते. ट्रॅकला स्टड, म्हणजे पकडीसाठी बसवलेले टोकदार खिळे, नसतील तर प्रत्येक स्कीला ४ ते ६ इंच कार्बाइड साधारणपणे पुरते. शंभराच्या आसपास स्टड असतील तर ६ ते ८ इंच धरतात. मागची पकड जास्त आणि पुढची कमी असेल, तर ट्रॅक गाडीला सरळ ढकलत राहतो आणि स्की वळूनही नुसत्या घसरत जातात. पुढची पकड जास्त आणि मागची कमी असेल, तर वळणावर पुढचा भाग बर्फ धरून ठेवतो आणि मागचा भाग बाहेर फेकला जातो. गोठलेल्या तळ्यावर हा दुसरा प्रकार अधिक घातक असतो, कारण चालकाला सावरायला वेळ मिळत नाही. आपल्या चिरंजीवांच्या ९६ स्टडना ६ इंच हे माप योग्यच आहे. १० इंच बसवल्यास हँडल इतके जड होईल की तासाभरात खांदे भरून येतील, आणि ज्या ओढीची तक्रार आहे ती कमी होण्याऐवजी वाढेल.

मग ६ इंच योग्य असूनही गाडी वळत का नाही, याचे उत्तर त्या फटीत आहे. सळईचे पुढचे टोक कण्यापासून सुटले आहे, म्हणजे ते खाली लोंबते आहे आणि बर्फाला सर्वांत आधी तेच लागते. स्की ज्या स्पिंडलभोवती वळते त्याच्या पुढे पकड आली की हँडल अस्थिर होते. मॉलमधील ट्रॉलीची फिरती चाके आठवावीत. चाक आपल्या खिळीच्या मागे ओढले जात असते तोवर ते आपोआप सरळ राहते. तेच चाक खिळीच्या पुढे आले, तर जराशा खड्ड्यानेही गर्रकन फिरते. रनरच्या बाबतीत हेच घडते आहे. वळणावर तर ही आधार नसलेली सळई बाजूच्या दाबाने लवते, धार पूर्ण लांबीने बर्फात बसत नाही, आणि ६ इंचांपैकी प्रत्यक्ष कामाला येतात ते जेमतेम दोन-तीन. दोन उलट वाटणाऱ्या तक्रारींचे मूळ असे एकाच ठिकाणी आहे.

चिरंजीवांनी स्कीवर साच्यातच उठवलेले उत्पादकाचे नाव व क्रमांक शोधावा आणि त्या स्कीसाठीचा रनर मागवावा. मागवण्यापूर्वी स्कीतील बोल्टांच्या छिद्रांमधील अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजावे, खाचेची रुंदी व्हर्निअरने घ्यावी, आणि सळईचा पुढचा वाक स्कीच्या छिद्रात पूर्ण बसतो की नाही हे पाहावे. बोल्ट बसले म्हणजे रनर बसला असे नव्हे, आणि या चुकीचे परिणाम मी स्वतः पाहिले आहेत. उत्तर अमेरिकेत तीन हिवाळे मी अशा गाड्यांच्या दुरुस्तीच्या एका शेडमध्ये काम केले. तिथे आलेल्या एका गाडीचा रनर छिद्रे जुळली म्हणून जोर लावून आवळलेला होता. पन्नासेक मैलांत त्याचा पुढचा बोल्ट मुळाशी तुटला आणि सळई स्कीखालून आडवी बाहेर आली. चालक हळू जात होता म्हणून वाचला. बाक थोडाच कमी-जास्त असेल तर सळईचे कार्बाइड नसलेले टोक शिकंज्यात धरून वाकवता येते. कार्बाइडच्या भागाला मात्र वाक देण्याचा प्रयत्नही करू नये. पट्टी तडकेल किंवा ब्रेझिंग सुटेल.

रनर बदलण्याआधी पुढच्या सांध्यांतील प्ले तपासावा. स्कीची टोके हातात धरून जोराने हलवली असता बुश, बॉल जॉइंट किंवा स्कीचा मुख्य बोल्ट यांत खडखड जाणवली, तर कोणताही रनर गाडी सरळ चालवणार नाही. त्यानंतर टो-आउट, म्हणजे दोन्ही स्कींची टोके पुढे किंचित बाहेर वळलेली असणे, पाहावा. गाडी स्वतःच्या वजनावर सपाट जमिनीवर उभी करावी, हँडल सरळ बांधून ठेवावे आणि दोन्ही स्कींची पुढची टोके रबरी दोरीने एकमेकींकडे ताणावीत, म्हणजे सांध्यांतील उरलीसुरली ढिलाई निघून जाते. मग दोन रनरच्या धारांमधील अंतर स्पिंडलच्या पुढे आणि मागे सारख्याच टप्प्यावर मोजावे. माप प्लॅस्टिकच्या कडेपासून घेऊ नये, धारेपासून घ्यावे, कारण बर्फ ओळखतो ती धार. पुढचे अंतर मागच्यापेक्षा साधारणपणे ३ ते ६ मिलिमीटर जास्त असावे. नेमका आकडा गाडीच्या माहितीपुस्तकात असतो आणि तोच प्रमाण मानावा. पुढचे अंतर मागच्यापेक्षा कमी भरले, तर गाडी ओढ घेणारच.

इतके करूनही कडक मार्गावर थोडी ओढ राहिली, तर दोष मार्गाचा असू शकतो. शेकडो गाड्यांच्या रनरनी एकाच रेषेत चर पाडलेले असतात आणि नवी धार त्या चरांत उतरून त्यांच्याच दिशेने जाऊ लागते. आपल्या पिढीतील मुंबईकरांना हे वेगळे सांगायला नको. १९६४ मध्ये ट्राम बंद होण्यापूर्वी सायकलचे पुढचे चाक ट्रामच्या रुळात गेले की हँडल हातात राहत नसे. यावर दुहेरी रनर हा चांगला उपाय आहे. एका स्कीखाली दोन समांतर धारा असल्या की एक धार जुन्या चरावर आली तरी दुसरी कोऱ्या बर्फावर असते आणि स्की चरात उतरत नाही. मात्र हा खर्च सर्वांत शेवटी करावा. बसणीतील दोष दुहेरी रनरखाली झाकला जातो, नाहीसा होत नाही.

हँडल जड किंवा फार हलके वाटण्याचे आणखी एक कारण म्हणजे स्कीवरील भार. ट्रॅकच्या सस्पेन्शनमधील पुढचा लिमिटर पट्टा आखूड केला की स्कीवर भार वाढतो, सैल केला की कमी होतो. रनर जुळल्यावरच त्याला हात लावावा.

रनर इथे तयार करण्याविषयी. आपल्या हातात ते काम आहे, याविषयी मला शंका नाही. तरीही तो करू नये असेच मी सांगेन. लेथच्या टूलसाठी मिळणारी टिप बहुधा कमी कोबाल्टची असते. ती लवकर झिजत नाही, पण ठोक्याला नाजूक असते. रनरला गोठलेल्या बर्फातले दगड, पुलाच्या फळ्या, रस्ता ओलांडताना डांबर, असे सतत ठोके बसतात आणि त्यासाठी अधिक कोबाल्टचा, अधिक चिवट माल लागतो. वेगात असताना पट्टी निखळली तर त्या बाजूची पकड क्षणात जाते. आपल्या अनुभवाचा उपयोग दुसऱ्या ठिकाणी मोठा आहे. कोरड्या डांबरावर रनर घासला की कार्बाइड तापते आणि लगेच बर्फावर आले की एकदम थंड होते. तापलेल्या विडियावर थांबून थांबून कूलंट पडले तर बारीक तडे कसे जातात, हे आपण पाहिलेले आहे. ते तडे चिरंजीवांना ओळखायला शिकवावे. व्हिडिओ कॉलवर त्यांना धार भिंगाखाली धरायला सांगावी, अंगठ्याचे नख तिच्यावर आडवे हलकेच ओढायला सांगावे. नखाचा बारीक कीस निघाला तर धार शाबूत आहे. नख नुसते घसरले तर धार गोल झाली आहे. सळई निम्मी झिजली असेल किंवा पट्टीचा तुकडा गेला असेल, तर दोन्ही बाजूंचे रनर एकदमच बदलावेत. एक नवा आणि एक जुना ठेवल्यास गाडी नव्याकडे ओढली जाईल.

प्रश्न: आम्ही जानेवारीत गुलमर्गला गेलो होतो. सकाळी भुरभुरत्या बर्फात स्नो स्कूटर छान वळत होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच चालकाची तीच गाडी उतारावर घसरत होती. चालक म्हणाला, ‘पट्टी घिस गयी है.’ एका दिवसात पट्टी झिजते का?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर: पट्टी एका दिवसात झिजली नव्हती, ती आदल्या दिवशीही झिजलेलीच होती, फक्त तिची गरज पडली नव्हती. ताज्या मऊ बर्फात स्की आपल्या रुंदीवर तरंगते आणि तळाचा कणा बर्फात रुतून तिला वळवतो. तिथे कार्बाइडच्या धारेला फारसे काम नसते. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. दिवसा ऊन पडले की पर्यटकांच्या पायांनी आणि गाड्यांनी दाबलेला बर्फ वरच्या थरात ओला होतो आणि सूर्य डोंगराआड गेला की गोठून काचेसारखा होतो. तिथे कणा रुतत नाही, धारच लागते. चालकाने खरे कारण प्रामाणिकपणे सांगितले होते. पुढच्या वेळी गाडी भाड्याने घेताना ती सकाळची घ्यावी, आणि संध्याकाळची घ्यावीच लागली तर बसण्यापूर्वी चालकाला स्की थोडी उचलून पट्टी दाखवायला सांगावे. सळईच्या तळाशी राखाडी रंगाची, कंगोरा असलेली पट्टी दिसली तर बसावे. सळई सपाट आणि आरशासारखी चकचकीत दिसली तर त्या उतारावर जाऊ नये.