शाळेच्या खो-खो टीममधे खेळून पुढे खरंच काही उपयोग होतो का?

दादा, तुम्ही लिहिलंय की मुलगी नववीत आहे, गावच्याच हायस्कूलमधे, खो-खोच्या टीममधे तिची निवड झालीय, सर म्हणतात पाठवा आणि घरचे म्हणतात पुढच्या वर्षी दहावी, हे कप-ट्रॉफीचं कौतुक शाळेला, आपल्याला काय मिळणार. मी पण अशाच एका हायस्कूलची, खटाव तालुक्यातली, आणि आमची टीम एका वर्षी जिल्ह्यात पहिली आली होती, म्हणून उत्तर देते. जरा लांब होईल.

आधी आमची "अचिव्हमेंट" सांगते म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. मैदान ओढ्याकडं उतरतं, एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडं पळताना चढ लागायचा आणि परत येताना उतार. खांब गावातल्या सुताराकडून करून आणलेले, सरांनी १२० सेंटीमीटर वर राहतील असं मोजून गाडले, आणि चुन्याच्या रेघा पावसानं रोज धुवून जायच्या त्या आम्ही रोज मारायचो. उशिरा येणारीला शिक्षा एकच, खडे वेचायचे. त्यामुळं उशिरा येणाऱ्या पोरींमुळंच आमचं मैदान चांगलं झालं असं म्हणायला हरकत नाही. गुडघे कायम सोललेले, कारण सूर मारल्याशिवाय गडी हाताला लागत नाही आणि आमच्याकडं मॅट बिट काही नव्हतं, अनवाणी खेळायचो. आई हळद लावायची आणि वर बोलणी पण खायला घालायची.

सरांचं सांगायलाच पाहिजे. ते खेळाचे सर नव्हतेच, गणित शिकवायचे आणि शाळेत विनाअनुदानित जागेवर होते, म्हणजे पगाराच्या नावानं काय मिळायचं ते आता विचारू नका. सकाळी सहाला एम-एटीवरून यायचे, आम्ही पोचायच्या आधी ते खांबाजवळ उभे असायचे, शिट्टी गळ्यात, मफलर डोक्याला. खो-खो स्वतः कॉलेजात खेळलेले. तुकड्या पाडणं, म्हणजे बचावाला तिघी-तिघी कुणाला कधी आत पाठवायचं ते, त्यांच्याकडून शिकावं. बघणाऱ्याला वाटतं जोरात पळणारी पोरगी पहिली पाठवायची, पण ते पहिल्या तुकडीत हुल देणाऱ्या, साखळी खेळणाऱ्या (बसलेल्या गड्यांच्या मधून नागमोडी पळणाऱ्या) तिघी घालायचे, समोरच्या अटॅकर दमल्या की मग पळणाऱ्या पोरी आत. "पळू नका, त्यांना पळवा" एवढंच ओरडायचे. आणि खो देताना आवाज खणखणीत आला पाहिजे, लाजत लाजत खो दिला की सगळ्यांना एक फेरी. मी लाजाळू होते, मी फार फेऱ्या मारल्यात.

तालुक्याच्या मॅचेस वडूजला ऑगस्टमधे, झिमझिम पाऊस, काळ्या मातीचा चिखल, फायनल एक गुण राखून जिंकलो. मग जिल्हा. वडूजहून एसटीनं पुसेगाव, कोरेगाव करत साताऱ्याला गेलो, शाहू स्टेडियमवर. त्या वयात स्टेडियम म्हणजे काय ते टीव्हीवरच बघितलेलं. बाकीच्या शाळांच्या पोरी एकसारख्या ट्रॅकसूटमधे आणि आमच्या टीशर्टवर नंबर पांढऱ्या धोतराच्या कापडाचे, सरांच्या बायकोनं शिवलेले, त्यातला माझा ६ उलटा शिवला गेलेला. म्हणजे टीममधे दोन ९ होत्या. पंचांनी मॅचच्या आधी दोघींना उभं करून विचारलं तुमच्यातली खरी ९ कोण, आणि आमची कॅप्टन म्हणाली दोघी पण खऱ्या. मार्करनं दुरुस्त केला तिथंच. तर ती स्पर्धा आम्ही जिंकलो. सेमीला तर एक डाव राखून. फायनलचं मला फार आठवत नाही, फक्त शेवटची पोरगी नाबाद राहिली आणि आम्ही सगळ्या तिच्या अंगावर पडलो हे आठवतं.

विभागीय सांगलीला झाली, तिथं पहिल्याच मॅचला आउट. आमची सगळ्यात भारी रनर हुल द्यायच्या नादात दोन्ही पाय रेघेबाहेर टाकून बसली, बाद, आणि ती गेली की बाकीच्यांचा धीरच गेला. परत येताना गाडीत कोण बोललं नाही. इस्लामपूरला सरांनी सगळ्यांना वडापाव दिला, स्वतः खाल्ला नाही.

आता उपयोगाचं बोलू, कारण तुमचा प्रश्न तो आहे. बारा पोरी होतो. त्यातली एक पोलिसात आहे, भरतीला मुलींना ८०० मीटर पळायला आणि गोळाफेक असते, ती सांगते की मला वेगळी तयारी अशी करावीच लागली नाही. एक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि तिथं पोरांना खो-खो शिकवते. दोघी-तिघींची लग्नं बारावीच्या आत झाली. एकीचं ब्यूटी पार्लर आहे, मी पतसंस्थेत आहे. म्हणजे सर्टिफिकेटनं नोकरी लागली अशी बारात एकही नाही, हे सरळ सांगते, नाहीतर उद्या तुम्ही म्हणाल ताईनं फसवलं. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे हे खरं, पण त्याला जिल्ह्याचं सर्टिफिकेट चालत नाही, वरच्या लेव्हलचं पदक लागतं आणि ते सर्टिफिकेट क्रीडा खात्याकडून पडताळून घ्यावं लागतं.

दहावीच्या ग्रेस मार्कांचं वेगळं. ते मिळतात, तुम्ही कुठल्या स्तरावर खेळलात त्यावर किती ते ठरतं, पण आपोआप मिळत नाहीत. शाळेनं अर्ज भरायचा, तो जिल्हा क्रीडा कार्यालयातून बोर्डाकडं जातो, आणि त्याला मुदत असते. आमच्या वर्षी शाळेनं प्रस्ताव वेळेत पाठवलाच नाही, ऑफिसात कुणाच्या तरी ड्रॉवरमधे राहिला, आणि आमच्यातल्या एकीला गणितात चार मार्क कमी पडले होते. चार. ती नापास झाली आणि घरच्यांनी तिला परत बसवलंच नाही. याचा राग मला अजून आहे. कप मात्र मुख्याध्यापकांच्या कपाटात व्यवस्थित होता, काचेच्या आत, कुलूप लावून. म्हणून तुम्ही काय करा, त्या वर्षीचा जीआर (शासनाचा आदेश) सरांकडून बघून घ्या आणि दहावीच्या जानेवारीपासून ऑफिसात जाऊन विचारत रहा अर्ज गेला का. चिकट पालक म्हणू देत. दुसरं, एंट्री फॉर्मवर नावाचं स्पेलिंग शाळेच्या जनरल रजिस्टरला आहे तेच पाहिजे, जन्मतारीख पण, कारण एका अक्षराचा फरक असला तरी पुढं सर्टिफिकेट दाखवताना त्रास होतो. सर्टिफिकेट मिळालं की त्याच दिवशी दोन झेरॉक्स.

सत्काराच्या भाषणात आपल्याकडं नेहमी चार नावं येतात आणि तुमच्या घरी पण ती कुणीतरी घेणारच. गोळेश्वरचे खाशाबा जाधव, कराडच्या टिळक हायस्कूलचे विद्यार्थी, १९५२ ला हेलसिंकी ऑलिम्पिकमधे कुस्तीत ब्राँझ. माणमधल्या मोहीची ललिता बाबर, २०१६ च्या रिओत ३००० मीटर स्टीपलचेसच्या फायनलला दहावी आली. फलटणजवळच्या सरडे गावचा प्रवीण जाधव, मजुरी करणाऱ्या घरातला, तिरंदाजीत टोकियो ऑलिम्पिकला गेला. आणि अदिती स्वामी, ती पण तिरंदाजीतलीच, २०२३ ला बर्लिनमधे १७ व्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन. ऐकायला भारी वाटतं, पण मधलं कुणी सांगत नाही. प्रवीणला शाळेतल्या सरांनी हेरलं आणि तो सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, तिथं राहणं, खाणं, कोच सगळं मिळालं म्हणून तो पुढं टिकला. अदितीची तिरंदाजी तर शाळेच्या टीममधून आलेलीच नाही, बाहेरच्या अकॅडमीत शिकली. आणि खाशाबांना हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. तर दरवेळी मधे कुणीतरी एक माणूस आहे किंवा एक व्यवस्था आहे. खो-खोला पण आता दिवस बरे आलेत, जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिला वर्ल्ड कप झाला आणि आपल्या मुली आणि मुलं दोघं जिंकले, पण त्यावरून तुमच्या पोरीचं भविष्य काढू नका.

अभ्यासाचं म्हणाल तर तालुका आणि जिल्हा साधारण पावसाळ्यात उरकतात, वरची लेव्हल गाठली तरच दिवाळीच्या आगेमागे जातं, आणि बोर्डाची परीक्षा त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी. सकाळचा दीड तास जातो. आमच्या टीममधल्या पोरी अभ्यासात काही फार हुशार नव्हत्या पण ज्या होत्या त्या खेळून पण होत्या. उलट सराव बंद केलेल्या पोरी त्या वेळात अभ्यास करतात हे मला तरी कुठं दिसलं नाही, घरचं पाणी भरतात.

मुलीच्या बापाला कुणी सांगत नाही ते पण सांगते. बाहेरगावी मॅच असली तर सोबत बाई जाणार आहेत का हे विचारा, मुक्काम कुठं, बाथरूम आहे का. पाळीचे दिवस मॅचच्या दिवशी येऊ शकतात, बॅगेत सामान तिच्या आईनं आधीच ठेवावं, आम्हाला तेव्हा विचारायची पण लाज वाटायची आणि एकीनं साताऱ्याची सेमी तशीच खेळली. शॉर्ट्सवरून गावात कुणी बोललं तर आमच्या आजीनं उत्तर दिलं होतं की भांगलताना बायका कासोटा घालतात तेव्हा तुमचे डोळे कुठं असतात. तेवढं उत्तर तयार ठेवा.

आणि पाठवायचं का नाही हे ट्रॉफी बघून ठरवू नका, शाळेचा बोर्ड बघून तर नकोच (आमच्या बोर्डावर आमचं वर्षच चुकीचं रंगवलंय, अजून तसंच आहे). एक करा, पोरीला न सांगता एखाद्या शनिवारी सकाळी सहाला स्वतः ग्राउंडवर जा. पोरींच्या आधी सर आलेले दिसले तर पाठवा.