दहावा, उठावणा, पुण्यानुमोदन

बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. शाळेत रुजू होऊन दोन महिने होतात न होतात तोच एका आठवड्यात दोन निरोप आले. शिपाईमामांच्या वडिलांचा गुरुवारी दहावा, आणि वर्गातल्या एका मुलीच्या आजीचा शनिवारी उठावणा. "दोन्हीकडे जायचं का बाई, आणि जाऊन करायचं काय?" असं विचारलंस. निरोपात जो शब्द लिहिलेला असतो, त्यात निम्मं उत्तर असतं. तो शब्द आधी नीट वाच.

उठावणा मारवाडी-गुजराती घरांत असतो. त्याची वेळ ठरलेली असते, बहुधा तासाभराची. साधे, फिकट कपडे घालून जा. फोटोपुढे फूल वाहायचं, घरच्यांना हात जोडायचे, थोडं बसायचं आणि उठायचं. आजी कशाने गेल्या, शेवटी त्रास झाला का, हे तिथे विचारू नकोस. तुझ्यामागे रांग असते.

दहाव्याला मात्र सवड काढून जावं लागतं. दहा दिवस पिंड देऊन गेलेल्या जिवाला पुढच्या वाटेसाठी देह मिळतो, आणि बाराव्याला सपिंडी झाली की तो पितरांत जातो, अशी त्यामागची श्रद्धा. म्हणून दहाव्याला नदीवर किंवा तळ्यावर जायचं. नाशिकला रामकुंड, पुण्यात ओंकारेश्वर, मुंबईत बाणगंगा. गावाकडे त्या वेळी कुणी महाराज प्रवचन करतात, मग श्रद्धांजलीची भाषणं होतात. ती लांबली तरी उठू नकोस. पिंड ठेवून सगळे मागे सरतात आणि कावळ्याची वाट बघतात, तो वेळ फार अवघड असतो. कावळा शिवत नाही तसा एकेक जण पुढे होतो आणि मोठ्याने सांगतो, "दादा, धाकटीचं लग्न आम्ही करू, काळजी करू नका." वर्षानुवर्षं मनात राहिलेलं त्या वेळी चारचौघांत बोललं जातं. अगदीच शिवला नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. तुझा यावर विश्वास असो-नसो, त्या वेळी हातात फोन नको.

आता माझी एक चूक सांगते. नोकरीच्या सुरुवातीला एका सहकारी शिक्षकांची आई गेली. मी स्टाफरूममध्ये सहज विचारलं, "सर, बारावं कधी आहे?" ते शांतपणे म्हणाले, "बाई, आमच्याकडे पुण्यानुमोदन असतं." मला वाटलं, नाव वेगळं, गोष्ट तीच. तसं नव्हतं. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी ज्या 22 प्रतिज्ञा दिल्या, त्यांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान करणार नाही, अशीही एक आहे. सरांच्या घराने जे विचारपूर्वक सोडलं होतं, तेच मी त्यांच्या गळ्यात पुन्हा घालत होते. पुढे मी त्या पुण्यानुमोदनाला गेले. बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्त्या लावलेल्या होत्या, पांढऱ्या कपड्यांतली माणसं त्रिसरण-पंचशील म्हणत होती. पिंड नाही, कावळा नाही. आईने किती कष्टाने शिकवलं ते सर उभे राहून बोलले. ते मला आजही आठवतं.

म्हणून कुठल्याही घरी "तुमच्याकडे काय असतं, कधी असतं?" एवढंच विचारावं. मुसलमान घरात दफन बहुधा त्याच दिवशी होतं, तेव्हा तिसऱ्या-चौथ्या दिवसाची वाट न बघता कळताच घरी जाऊन भेट. वसईकडच्या कॅथलिक मैत्रिणीच्या घरची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, असेल तर सगळे उभे राहतील तेव्हा उभी राहा. प्रसादासाठी वेदीपुढे रांग लागते, तेव्हा जागेवरच बस. तो त्यांच्यातल्यांसाठी असतो. काही घरी विधीच नसतो. देहदान होतं आणि नंतर शोकसभा. तिथे दोन शब्द बोलायला सांगितलं तर माणसाची एक खरी आठवण सांग. "न भरून येणारी पोकळी" नको.

आणखी एक. बाईमाणसाने घाटावर कशाला, असं कुणी म्हणेल. 28 नोव्हेंबर 1890 ला जोतीराव गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं, म्हणजे प्रेतापुढे न्यायचं विस्तवाचं मडकं, सावित्रीबाईंनी धरलं होतं. आपण त्यांच्या शिकवलेल्या. मात्र त्या घाटावर वाद घालायचा नाही, तिथे दुःख दुसऱ्याचं आहे. एका गोष्टीला तेवढं गप्प राहू नकोस. नवरा गेलेल्या बाईच्या बांगड्या फोडायला कुणी पुढे सरसावलं, तर तू तिच्या शेजारी जाऊन बस आणि तिचा हात धर. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव करून ही प्रथा बंद केली. त्या घरी जमलेल्या थोरल्या बायकांना हे हळू आवाजात सांगता येतं.

गुरुवारी घाटावर सकाळी लवकर पोच, शिपाईमामांना दिसशील अशी उभी राहा. पहिले दोन तास बुडतील, मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेव.

तुझ्या
बाई