आर्किटेक्टवरच्या विश्वकोशातल्या लेखात घराण्याची माहिती किती टाकावी?

माझ्या मते एकच चाळणी लावा, ते नातं कामात दिसतं का? दिसत असेल तर बिनधास्त लिहा, नाहीतर आईवडिलांचं नाव, जन्मगाव, झालं, पुढे चला.

ईरो सारिनेनचं बघा ना, वडील एलिएल पण मोठे आर्किटेक्ट, दोघं एकाच ऑफिसात, आणि अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातल्या प्रसिद्ध कमानीच्या स्पर्धेत दोघांनी वेगवेगळी डिझाइन्स पाठवली तर पुढच्या फेरीत निवड झाल्याची तार चुकून वडिलांच्या नावाने आली, निवडलेलं डिझाइन मात्र पोराचं! हे गाळलं तर लेखाची मजाच गेली. चंदीगड आखणाऱ्या ल कॉर्बुझिएचा चुलतभाऊ पिएर जानरे पण हवाच, चंदीगडला वर्षानुवर्षं राहून काम त्यानेच बघितलं. फ्रँक लॉइड राइटने 1911 मध्ये टॅलिएसिन हे स्वतःचं घर बांधलं ते आईच्या माहेरच्यांच्या खोऱ्यात, म्हणजे तिथे आजोळ आलंच पाहिजे.

पणजोबा कुठून आले, मेहुणे काय करतात, नातवंडं किती, हे कशाला? (असली भरताड बहुतेक वेळा घरातलंच कोणीतरी घालतं.) आणि हयात नातेवाईकांची नावं तर टाळाच, छापील आणि घराबाहेरचा संदर्भ नसेल तर अजिबातच नको.